रस्त्याकडेच्या गवतावर

लोवेल ब्रेकीने जेवणघराचं दार ढकललं आणि आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो की काय असं वाटून तो एक पाऊल मागे सरकला. खोलीच्या मधोमध काहीच नव्हतं. खुर्च्या सगळ्या भिंतीशी लावलेल्या होत्या, आणि जिथे टेबल असायचं तिथे लाकडी जमिनीवर एक मोठं फिकट वर्तुळ उरलं होतं.

आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते ओकचं गोल टेबल. त्यावर ब्रेकींच्या तीन पिढ्या जेवल्या होत्या, आणि वरच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारी विद्यापीठाची मुलं तर किती जेवली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. घरातलं जे काही ठरलं ते त्या टेबलाभोवती बसूनच ठरलं. आजही त्यासाठीच सगळे जमणार होते. आईने, म्हणजे आर्डिसने, यापुढे या घरात एकटीने राहायचं की ग्रेटाजवळ मिनियापोलिसला जायचं, हे आज ठरवायचं होतं.

लोवेल बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. टेबलाखेरीज आणखीही काहीतरी खोलीत कमी होतं. काय ते त्याला सांगता येईना. उजेड वेगळा वाटत होता, पण एवढं मोठं टेबल गेल्यावर तो वेगळा वाटणारच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. अशा समजुती घालण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळघरात बसून तो फाटक्या पुस्तकांना पाठी चिकटवायचा, आणि आतलं पान हरवलेलं असलं तर आपल्यालाच ते सापडलं नाही असं धरून चालायचा.

आर्डिस स्वयंपाकघरात पीच सोलत होती.

"आई, टेबल कुठंय?"

"जेवणघरात."

"जेवणघरात नाहीये."

"मग तुझ्या बाबांनी नेलं असेल," ती म्हणाली आणि पीचची साल न तुटू देता वाडग्यात सोडली.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. लोवेलने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावरची रेघही न हलवता थट्टा करणं ही तिची जुनी खोड. लहानपणी तिने त्याला सांगितलं होतं की तळ्यातलं पाणी दर हिवाळ्यात विद्यापीठ परत मागून घेतं, आणि त्याने ते दुसऱ्या वर्गापर्यंत खरं मानलं होतं. आताही त्याला कळेना, हसायचं की घाबरायचं.

तेवढ्यात ग्रेटा आली. तिला गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागली होती. आजच्या दिवशी लॅथममध्ये गाडी घरासमोर आणता येत नाही. गावातले सगळे भाडेकरार काल दुपारी संपलेले असतात आणि नवे आज दुपारी सुरू व्हायचे असतात. मधली रात्र अर्धं गाव अंगणात, पायऱ्यांवर आणि उघड्यावरच्या सोफ्यांवर काढतं.

"चौकात एक मुलगा अंथरुणात झोपलाय," ग्रेटा पिशवी ठेवत म्हणाली. "पलंगासकट. उशाशी घड्याळ पण आहे." मग ती जेवणघरात डोकावली आणि लोवेलकडे वळली. "टेबल हलवलंस? इतक्यात? मला विचारायचं तरी."

"मी कुठे हलवलं? मला वाटलं तू सामानवाल्यांना सांगितलंस."

"मी घर रिकामं करायला सुरुवात केली असं तुला वाटलं?"

"तुला वाटलंच की मी केली."

दोघं बहीणभाऊ त्या फिकट वर्तुळाच्या दोन कडांना उभे राहिले. आत पाऊल टाकायला दोघांनाही अवघड वाटत होतं. ग्रेटा मोठी. तिने लहानपणापासून ठरवायचं आणि लोवेलने होकार द्यायचा, असं चालत आलेलं. आता ती स्वयंपाकघरात गेली आणि आईशी हळू आवाजात बोलून परत आली.

"पॉलिशला दिलंय म्हणते. तू नेलंस म्हणे."

"मला म्हणाली बाबांनी नेलं."

ग्रेटाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, मार्चपासून मी फोनवर काय सांगतेय, अशा नजरेने.

मागच्या दाराने फर्न आत्या आली, हातात रूबार्बच्या आंबट देठांचा केक. बाबांची ही बहीण चौऱ्याऐंशीची होती आणि दोन घरं सोडून राहत होती. "आता हे ठेवू कशावर?" जेवणघर पाहून तिने विचारलं. "आर्डिस, टेबल कुठं गेलं गं?"

"मला काय माहीत," आर्डिस आतून म्हणाली. "रात्री होतं."

"तिसरं उत्तर," ग्रेटा पुटपुटली. "आत्या, तूच सांग आता. अशा बाईला एकटीला ठेवायचं?"

"काल माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, लोण्याशेजारी. मलाही ने मग मिनियापोलिसला."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? चष्मा लहान आणि टेबल मोठं, एवढंच." फर्नने केक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथे आज जागा होती. "तिला रांधायला येतं, वाढायला येतं, अजून पीच सोलायला येतं. माझ्या भावाचं घर आहे हे. ती कुठं जात नाही."

लोवेलला बरं वाटलं. एक बाजू घेणारं माणूस असलं की त्याला त्या बाजूला नुसतं उभं राहता येई.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. समोरच्या घराच्या बागेत ऑकरमन बसले होते. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ दरवर्षी या दिवशी स्वतःच्या बागेतल्या बाकावर बसून त्याचा पहारा करत. एका वर्षी त्यांचा बाक मुलांनी नेला होता आणि तो त्यांना दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांच्या नाटकात रंगमंचावर दिसला होता.

"टेबल पाहिलंत का आमचं?" फर्नने बाजूच्या दारातून ओरडून विचारलं.

"आज टेबलंच पाहतोय. कुठलं?"

"गोल. ओकचं."

"हां, ते. काल संध्याकाळी दोन मुलांनी बाहेर आणलं. मिसेस ब्रेकी पुढे होत्या. जपून, पायरी आहे, म्हणत होत्या. त्या गवतावर ठेववून घेतलं त्यांनी." त्यांनी पदपथ आणि रस्ता यांच्या मधल्या हिरव्या पट्टीकडे बोट केलं. "आज सकाळी तीच मुलं आली. वरची फळी सोडवली आणि चाकासारखी घरंगळत नेली, मिल स्ट्रीटच्या उतारावरून. छान दिसत होतं. एक ती टेक्सासची मुलगी, तुमच्याकडे राहायची ती. सायकलच्या दुकानावर खोली घेतलीये तिने, स्प्रूस स्ट्रीटला, मालकाने किल्ली सकाळीच दिली म्हणे."

फर्न दार लावून आत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"गवतावर," ती म्हणाली. "आजच्या दिवसाला."

लॅथममध्ये हे सांगावं लागत नाही. या एका दिवशी त्या पट्टीवर जे असेल ते ज्याने उचललं त्याचं. रांगणारं मूलसुद्धा आपली बाहुली त्या दिवशी तिथे ठेवत नाही. गाव सोडून तीस वर्षं झालेली ग्रेटासुद्धा मघाशी आपली पिशवी तिथे क्षणभरही न टेकवता दोन गल्ल्या खांद्यावरून घेऊन आली होती.

"माझ्या बाबांनी केलेलं टेबल," फर्न म्हणाली. "दुकानातून परत आल्यावर रात्री करत बसायचे. नाही, ग्रेटा, तुझं बरोबर आहे. चष्मा वेगळा."

लोवेलच्या बाजूला आता कुणीच उरलं नाही. आईला तो रोज पाहत होता. रोज पाहिल्यामुळेच कदाचित त्याला काही दिसत नव्हतं. किंवा दिसण्यासारखं काही नव्हतंच. दोन्ही त्याला सारखंच खरं वाटत होतं.

आर्डिस हात पुसत बाहेर आली. डोक्यावर गवती टोपी चढवली होती. "स्प्रूस स्ट्रीटला जाताय ना? मीही येते. पीच झाले."

चौघं मागच्या बाजूने निघाली, कारण पुढच्या रस्त्यावर सामानाच्या गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. सगळीकडे गाद्या, दिवाण, आरसे. दोन मुली एक कपाट दोरीने ओढत होत्या आणि तिसरी आत बसून हसत होती. एक प्राध्यापकीणबाई अर्धी चड्डी घालून शेजाऱ्याच्या ढिगातून पुस्तकांची मांडणी निवडत होत्या. एका सोफ्यावर कागद चिकटवला होता, त्यावर लिहिलं होतं: हा ओला नाही, फक्त दमलाय.

"तुझं ते लिहून झालं का?" फर्नने विचारलं. बोलायला काहीतरी हवं होतं.

एका मासिकाने देशातल्या उत्तम विद्यापीठगावांत लॅथमचं नाव छापलं होतं. त्यावर नगरमंडळाने फलक लावायचं ठरवलं, आणि गाव उत्तम कशामुळे ते चार ओळींत लिहायचं काम लोवेलच्या गळ्यात पडलं, कारण तो पुस्तकांत काम करतो.

"नाही झालं."

"तळं लिही. ग्रंथालय लिही. अंगणात गाणारी पोरं लिही, झोपू देत नाहीत ती."

"तळं दुसऱ्या गावांतही आहे, आत्या."

"मग सोफे लिही."

आर्डिस पुढे चालत होती. ग्रेटाने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने तो धरू दिला, मग एका खुर्चीची वीण पाहायला वाकली आणि सोडवून घेतला.

सायकलच्या दुकानावरचा जिना अरुंद होता. वर खोलीत अजून पलंग नव्हता, पडदे नव्हते, पण मधोमध टेबल उभं होतं, आणि त्यावर एकाच तव्यावर केलेल्या पॅनकेकचा ढीग. बिया नावाची ती टेक्सासची मुलगी आणि ग्रॅडी नावाचा उंच, सडपातळ मुलगा उभ्याउभ्याच खात होते.

"मिसेस ब्रेकी," बिया म्हणाली, आणि मागचे सगळे पाहून थांबली. "काही चुकलं का आमचं?"

"टेबल आमचं आहे," ग्रेटा म्हणाली.

"हो, म्हणजे... आम्ही काल विचारलं होतं. मी दोनदा विचारलं, नक्की ना, नक्की ठेवायचं का गवतावर. तुम्ही म्हणालात, नक्की. सकाळीही ते तिथेच होतं, म्हणून मग आम्हीच आणलं. परक्याकडे जायला नको म्हणून. आत्ता परत नेतो, हवं तर."

सगळ्यांनी आर्डिसकडे पाहिलं.

"म्हणाले असेन," आर्डिस म्हणाली. तिने टेबलाभोवती एक चक्कर घातली, खिडकीकडे पाठ येईल अशा जागी थांबली आणि ग्रॅडीने पुढे केलेल्या खोक्यावर बसली. घरातही तिची जागा तीच होती. "उभ्याने खाऊ नका. बसा. फर्न, तूही बस. पीठ घट्ट झालंय तुमचं, दूध घाला थोडं."

खोकी आली, बादली उलटी झाली, सगळे बसले. फर्नचा हात फळीवर फिरत होता.

"माझ्या बाबांनी केलंय हे," ती मुलांना म्हणाली. "उगाच मिळालेलं नाही."

"उगाचच मिळालं," आर्डिस म्हणाली. "एल्म स्ट्रीटच्या गवतावरून उचलून आणलं त्यांनी, अशाच दिवशी. सासूबाईंनी सांगितलं मला. एक पाय मोडका होता, तो तेवढा नवा केला."

खाली कुणीतरी सायकलची घंटी तपासत होतं. लोवेलला वाटलं, हेही आईचं एक उत्तर असेल, चौथं. पण फर्न खाली वाकली, चारही पायांना हात लावून पाहिलं आणि बऱ्याच वेळाने वर आली.

"तो पाय मात्र चांगला केला होता," ती म्हणाली.

ग्रॅडीने विषय बदलला. त्याने लोवेलला विचारलं, "फलक तुम्हीच लिहिताय ना? ग्रंथालयात ऐकलं. माझं मत लिहा, आठनंतर जेवायला मिळालं पाहिजे. नाही मिळत इथं."

"मला ना," बिया म्हणाली, "रात्री ग्रंथालयातून येताना यांच्या जेवणघराच्या खिडकीतला हिरवा दिवा दिसायचा. मी आले की मिसेस ब्रेकी तो मालवायच्या. माझ्या घरीसुद्धा माझ्यासाठी कुणी दिवा ठेवला नव्हता. ते लिहा."

लोवेलच्या मनात काहीतरी हललं आणि निसटलं. ग्रेटा बोलू लागली होती.

"आई, घरी जाऊ या का? आपल्याला बोलायचं होतं."

"इथं बोल की. टेबल आहे, सगळे आहेत. काय ठरवायचं होतं?"

परक्या मुलांसमोर ग्रेटाचा चेहरा लाल झाला. वर्षानुवर्षं बैठका चालवत आलेली बाई, पण पॅनकेकच्या ताटलीकडे बघत राहिली.

"बरं, मग मी सांगते," आर्डिस म्हणाली. "गाव चांगलं कशामुळे म्हणता? इथं जाणाऱ्याला धरून ठेवत नाहीत. चार वर्षं जेवू घालायचं, दिवा ठेवायचा, आणि मग जिन्यावरून त्यांची ट्रंक खाली उतरवून द्यायची. आम्हाला तेवढंच येतं. सवय आहे. आता माझा नंबर. सगळं गाव हलतं त्या दिवशी आपणही हलावं. टेबल काही तिथल्या खोलीत मावणार नाही, म्हणून काल गवतावर ठेवलं."

"म्हणजे तू येतेस?" ग्रेटाने विचारलं.

"तूच म्हणतेस ना मार्चपासून?"

"हो, पण..." ग्रेटाचा आवाज लहान झाला. "इतकी घाई नाहीये, आई. हिवाळा होऊ दे. पीचचं जॅम करायचंय तुला. आणि हे टेबल... आम्ही कुठे जेवायचं मग, आलो की?"

"तुझं एक काही ठरत नाही बाई," फर्न म्हणाली. पण तीही ग्रेटाकडे सरकून बसली होती.

लोवेल आईकडे पाहत होता. ती बोलली ते सगळं सरळ होतं, एकाला एक जोडलेलं. बोलण्याआधी मात्र ती क्षणभर थांबली होती, आणि त्या क्षणात तिची नजर टेबलावरून, मुलांवरून, खिडकीवरून फिरून आली होती. अनोळखी गावात पाटी शोधणाऱ्या माणसाची फिरते तशी. कालच ठरवून तिने टेबल बाहेर काढलं होतं, की टेबल का काढलं ते आठवेना म्हणून आत्ता, इथे बसल्याबसल्या, तिने हे ठरवलं? टेबलाखाली तिचा हात कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. हाताला ते ओळखू येत होतं एवढं खरं. त्यापलीकडे त्याला काही सांगता येईना. विचारायचं धाडस झालं नाही, आणि विचारलं असतं तरी मिळालेलं उत्तर कितवं मानायचं, हा प्रश्न होताच.

"मिसेस ब्रेकी," बिया म्हणाली, "तुम्ही कधीही आलात तरी ही जागा तुमची."

"तू तरी कुठे राहणार आहेस इथं," आर्डिस म्हणाली, आणि तिच्या ताटलीत स्वतःचा पॅनकेक वाढला.

परतताना दुपार होत आली होती. गाड्या सुटल्या होत्या, म्हणून पुढच्या रस्त्याने येता आलं. गवताच्या पट्ट्या बहुतेक रिकाम्या झाल्या होत्या. उरलं होतं ते मोडकं, ओलं, कुणालाच नको असलेलं. ग्रेटा आईच्या एका बाजूला, फर्न दुसऱ्या बाजूला. लोवेल दोन पावलं मागे. सकाळची भांडणं कुठे गेली ते कळत नव्हतं.

त्यांच्याच घरासमोर, मेपलच्या बुंध्याआड, गवतात काहीतरी उभं होतं. आर्डिस थांबली.

"बघा तरी," ती म्हणाली. "एवढा चांगला दिवा."

हिरव्या काचेची टोपी, पितळी दांडा. दांड्याच्या मध्यावर एक खोक होती. ती लोवेलने चेंडू मारून पाडलेली. तो नऊ वर्षांचा होता. जेवणघरात सकाळपासून काय कमी होतं ते आता त्याला कळलं. कट्ट्यावर केक ठेवायला जागा का झाली तेही.

"लोकांना काय टाकावं तेच कळत नाही," आर्डिस म्हणाली. ती वाकली आणि टोपीवरचं पान झटकलं. "ग्रेटा, तुझ्या त्या खोलीला खिडकी आहे ना?"

"आहे, आई."

"मग हा नेऊ या."

ग्रेटाने लोवेलकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मोठी असूनही ती आता त्यालाच विचारत होती. लोवेलने आईच्या चेहऱ्यावर ती जुनी थट्टा शोधली. विद्यापीठ तळ्याचं पाणी परत मागून घेतं म्हणणारी. एक रेघही हलली नव्हती. पण थट्टा करतानाही ती कधी हलत नसे. फर्न आत्या दुसरीकडे, ऑकरमनांच्या बाकाकडे पाहत उभी होती, फार लक्ष देऊन.

लोवेलने दिवा उचलला. तो आठवत होता त्याहून हलका निघाला. वायर गवतातून मागे ओढली गेली, तेव्हा त्याने ती हातावर गुंडाळली. उजवीकडे पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर घर, घरात ती खिडकी. डावीकडे रस्ता, आणि दोन गल्ल्या पलीकडे ग्रेटाची गाडी. तो दिवा घेऊन मधेच उभा राहिला.

"उभा काय राहिलास?" आर्डिस म्हणाली. "बहिणीने गाडी कुठे लावलीये ते बघ."

लोवेल डावीकडे चालू लागला.